तळ्यातला मी

धाकट्या बहिणीचं पत्र नऊ वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. "दादा, पुरे झालं आता भांडण. एक ओळ तरी लिही." जन्मभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. उत्तराच्या प्रत्येक खर्ड्यात मला चूक सापडायची आणि मी तो फाडून टाकायचो.

माणसांना निवांत बसता यावं म्हणून केलेल्या बागेत मी रोज सकाळी जातो. तिथे मोठ्याने बोलायला मनाई आहे. माझ्यासारख्या बुजऱ्याची सोयच. तळ्याकाठच्या बाकावर मी रिकाम्या हातांनी बसतो.

गेल्या आठवड्यात सहज पाण्यात पाहिलं. माझं प्रतिबिंब मांडीवर कागद ठेवून लिहीत होतं.

मी हात वर केला. त्याने केला नाही.

दुसऱ्या दिवशीही ते लिहीतच होतं, एकही शब्द न खोडता. पानं झाडणारा माळी जवळ येऊन कुजबुजला, "काका, पत्र बरंच लांबलं की हो!"

"तुम्हालाही दिसतं?"

"न दिसायला काय झालं? तिसरं पान चाललंय."

आज पाण्यातल्या ‘मी’ने कागदाची घडी घातली, माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि तो उठून गेला. मी बाकावरच होतो. पाण्यातला बाक रिकामा होता.

उठून फाटकापर्यंत आलो. खिशात काहीतरी ओलसर लागलं. तिकीट लावलेलं, बंद पाकीट. वर माझ्याच अक्षरात बहिणीचा पत्ता.

फाटकाशेजारी टपालपेटी आहे. उघडून एकदा तपासावं, असं फार वाटलं.

न तपासताच मी ते पेटीत टाकलं.