पाचशे मीटर

धुराच्या तक्रारीची तपासणी करायला मी गावात आले होते. गिरजामावशींनी माझ्यासमोर टेबलावर उशीचा पांढरा अभ्रा पसरला. त्यावर काजळीचे ठिपके होते. "पहाटे पाचला वाळत घातला, बाई, सातला काढला. आणि हे साहेब म्हणतात, धूर आमच्या गावात येतच नाही!"

कारखान्याचे बुधकर हसले. "मॅडम, धूर कुठवर जाईल ते सांगणारं संगणकाचं मॉडेल तुमच्याच विद्यापीठाचं आहे, सगळ्यांसाठी खुलं. आम्ही फक्त चालवलं."

मला ते हसू खटकलं. थंडीत पहाटे जमिनीलगतचा हवेचा थर जेमतेम शंभर मीटर उरतो आणि धूर त्यातच कोंडतो. यांच्या अहवालात मात्र पहाटेही पाचशे मीटर, म्हणजे कागदावर धूर वरच्या वर विरून गेलेला! नक्की कुणीतरी आकड्यांशी खेळलं होतं. मी त्यांच्या फाइली मागितल्या. बुधकरांनी लगेच पेनड्राइव्ह पुढे केला. इतक्या सहज? माझा संशय आणखी वाढला.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. त्यांच्या फाइलींत काहीच खोट नव्हती. मग मॉडेलचा मूळ कोड पाहिला. एक ओळ थराची उंची पाचशेच्या खाली जाऊच देत नव्हती. खुल्या कोडमध्ये प्रत्येक ओळ कुणी घातली याची नोंद राहते. ती उघडली.

तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती आणि नाव माझं होतं. पीएचडीच्या घाईत पहाटेच्या आकड्यांवर मॉडेल सारखं बंद पडायचं, म्हणून मीच ती ओळ घुसडली होती. शेजारी शेरा होता : 'तात्पुरतं. नंतर काढणे.'

मावशींनी अभ्र्याची घडी घालून माझ्या हातात दिली. "पुरावा तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. या लोकांचा भरवसा नाही."