सिग्नलवरचा ठेका

"सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगपाशी टकटक होते बघ," हेमलताकाकू म्हणाल्या. "गाडी निघाली की बंद."

गॅरेजवाल्या रेश्माने त्या जुन्या गाडीला यंत्र जोडलं, सिग्नल लागल्याचा भास दिला आणि कान लावला.

"काकू, सुटं काही झालेलं नाही. आवाज स्पीकरमधून येतोय. नको असलेला आवाज मारायला गाडी बरोब्बर त्याच्या उलटा आवाज सोडते. दोन्ही भिडले की शांत. तुम्ही तिला कुठला आवाज मारायला सांगितला होता?"

काकूंनी स्टिअरिंगकडे पाहिलं.

"ह्यांचा ठेका. तबला कधी जमला नाही, पण सिग्नल लागला की स्टिअरिंगवर बोटं सुरू. डोकं उठायचं माझं."

"मग तेच. काका गेले, पण गाडीला ते कुठे ठाऊक? सिग्नल लागला की ती उलटा आवाज सोडतेच. आता समोर ठेका नाही, म्हणून तो ऐकू येतो. पुसून टाकू?"

काकूंनी डोळे मिटले. टक, टकटक, टक. त्यांचा हात मांडीवर ताल धरू लागला, मधेच अडखळला, आणि त्या एकदम हसल्या.

"नको गं. अजूनही समेवर चुकतात बघ."