मागचं चाक

"वरच्या चाकाच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाक," ती हळूच म्हणाली. "आणि त्यांच्या कानावर गेलं तर बघ."

मिस्त्री बोटीच्या मागच्या भागात उकिडवा बसून सुकाणूच्या नव्या चाकासाठी पाडलेलं भोक कानशीने घासत होता. त्याचा हात थांबला.

"काकू, तसं केलं तर तेल नळ्यांमध्ये तिथल्या तिथे फिरत राहील. चाक फिरेल, पण सुकाणूला पत्ताही लागणार नाही."

"तेच तर हवंय. हाताला मात्र जड लागू दे, म्हणजे संशय यायचा नाही."

मिस्त्रीने वरच्या केबिनीकडे पाहिलं. तिचा नवरा काच पुसत होता.

"बघ, सकाळपासून तीच काच चाललीय," ती म्हणाली.

हौशी लोक गळ घेऊन या बोटीवर यायचे. मोठा मासा गळाला लागला की त्याच्या ओढीप्रमाणे बोट वळवावी लागते, आणि वरच्या केबिनीतून मागचं धड दिसत नाही. म्हणून चांगल्या बोटींना मागेही एक चाक असतं. नवऱ्याला तिने हेच कारण सांगितलं होतं. बोटीवरचा खिळा हलवायचा म्हटलं तरी तो वाद घालणारा माणूस. या वेळी मात्र म्हणाला, "लाव. तुझ्या मनासारखं होऊ दे."

त्यानेच तिला जास्त धास्ती वाटली.

खरं कारण वेगळं होतं. मागच्या महिन्यात बंदराच्या तोंडाशी, जिथे डावीकडे वळायचं, तिथे बोट सरळ खडकांवर गेली. गळ उडाले, एका गिऱ्हाइकाचं कपाळ फुटलं. तिला आठवत होता तो नवऱ्याचा चुन्यासारखा पांढरा चेहरा. त्यानंतर त्या गोष्टीवर तो चकार शब्द बोलला नव्हता. लाज वाटत असणार, दुसरं काय.

मग दोघं डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर लहान मुलाला विचारावेत तसे प्रश्न विचारत होते. आज वार कोणता, घड्याळ काढून दाखवा. नवरा मान खाली घालून बसला होता. तिला त्याची इतकी दया आली की येताना तिने त्याचा हात सोडला नाही.

घरीही तेच. बोटीच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडायच्या. गॅस चालू राहायचा. तो धावत येऊन बंद करायचा आणि गुपचूप निघून जायचा. चोराच्या मनात चांदणं!

मुलगा फोनवर बोट विकायचं म्हणत होता. "त्यांच्या हातातली बोट काढून घेतलीस तर ते जगायचे नाहीत," ती त्याच्यावर ओरडली होती. मग मुलगा म्हणाला, "आई, जरा बाबांना फोन दे."

लग्नानंतर त्यानेच तिला चाक धरायला शिकवलं होतं. "बोटीला ओढू नकोस गं, तिची समजूत काढ," असं म्हणायचा. तिच्या कपड्यांना कायम डिझेलचा वास यायचा आणि सासूबाई विचारायच्या, "सून आणलीस की खलाशी?" ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे काल घडल्यासारखं होतं. पुढे तर ती त्याच्याहून सफाईने बोट चालवू लागली, आणि तो खुशाल मागे गळ बांधत बसायचा. हल्ली मात्र तो चाक सोडायला तयार नव्हता.

रविवारी गिऱ्हाइकं यायची होती. शनिवारी दिवसभर ती धक्क्यावर येरझारा घालत राहिली.

"मिस्त्री, नळ्यांचं काम केलंस ना?"

"केलं, काकू. तिसऱ्यांदा विचारताय."

"शंभरदा विचारीन. लोकांचा जीव आहे बोटीवर. आणि त्यांचाही."

रविवारी मिस्त्री चाचणीसाठी म्हणून बोटीवरच थांबला. गिऱ्हाइकं बाकांवर बसून गळांची दोरी सोडवत होती. इंजिनाचा वेग वरून नवरा सांभाळत होता. तेवढं त्याला कळत होतं. मागच्या चाकाशी ती उभी राहिली. बंदराचं तोंड जवळ आलं. खडकांवर पाणी फुटताना दिसू लागलं.

वरून त्याची हाक आली, "डावीकडे!"

तिने चाक वळवलं. बोटीचं नाक डावीकडे झुकलं.

"बास, आता सरळ!"

तिने सरळ केलं. खडक बाजूने मागे सरकले.

"बघ, कसे हुकूम सोडतायत," ती मिस्त्रीच्या कानात पुटपुटली. "वाटतंय त्यांना, आपणच चालवतोय."

मिस्त्री हसला आणि समुद्राकडे बघू लागला.

पुढे मोकळं पाणी लागलं. कितीतरी दिवसांनी तिने छातीभर श्वास घेतला. तिचे डोळे भरून आले.

"दमले असतील रे. एवढा चहा वर नेऊन दे. आणि छान चालवलीत म्हणून सांग. माणसाला बरं वाटतं."

मिस्त्री कप घेऊन वर गेला. नवऱ्याने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. सदरा पाठीला चिकटला होता. नजर समोरून न हलवता त्याने विचारलं, "काय म्हणतेय?"

"खूष आहेत."

"आणि मागच्या महिन्यातल्या खडकांचं?"

"ते अजून तुमच्याच नावावर आहे."

"राहू दे."

मिस्त्रीने कप त्याच्याजवळ ठेवला आणि आवाज खाली आणला. "फक्त काका, पुढच्या वळणाला हाक जरा आधी द्या. मघाशी काकूंनी चाक फिरवायच्या आतच बोट वळली होती."