बारीक गळती

“पुन्हा गरम हवा!” बाई गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या आणि मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

हा सहावा महिना. गॅस भरला की गाडी थंडगार, महिना सरला की पुन्हा भट्टी. मिस्त्री तीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करत होते. एकदा हातावेगळी केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. या पांढऱ्या गाडीने मात्र त्यांच्या नाकावर टिच्चून फेऱ्या मारल्या होत्या.

“बसा,” म्हणत त्यांनी खुर्ची पुसली. सकाळपासून ती दोनदा पुसून झाली होती.

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उभा जन्म दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात गेला आणि आता स्वतःचा फोन दिवसभर मुका, हे त्यांनीच पहिल्या फेरीला हसत हसत सांगितलं होतं. त्याच दिवशी बॉनेटखाली डोकं घालून त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली होती. हे काय, ते काय, हे काळं टोपण कसलं? मिस्त्रींनीही हौसेने सांगितलं होतं. टोपणाखाली झडप, झडपेत बारीक खिळा, तो दाबला की वाट मोकळी होते, तिथूनच गॅस भरायचा; उघड्या बोटाने दाबला तर सुटणारा गार गॅस चटका देतो. इतक्या आस्थेने त्यांना कुणी काही विचारून वर्षं लोटली होती. बायको गेली, मुलगा परदेशी. घरी बोलायचं तर भिंतींशी.

त्यांनी गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं. काटा तळाला.

“नळ्या बघितल्या, वॉशर बदलले, कॉम्प्रेसरला नवं सील घातलं. मग गॅस जातो कुठे? भूत पितं की काय?”

“मेल्याला माझीच गाडी सापडली बघा,” बाई म्हणाल्या आणि पिशवीतून थर्मास काढला.

“हसण्यावारी नेऊ नका. गॅसबरोबर तेल फिरतं. गॅस गेला की कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि एक दिवस जाम होतो. मागच्या वेळी मी आत हिरवा रंग सोडलाय. गॅस जिथून निसटेल तिथे तो लागणार आणि या निळ्या दिव्याखाली चमकणार. आज चोर सापडलाच पाहिजे. नाही सापडला तर गाडी कंपनीच्या मोठ्या वर्कशॉपला न्या. चिठ्ठी लिहून ठेवलीय मी.”

थर्मासच्या झाकणावर बाईंचा हात थबकला. “तिकडे कशाला? तिथे म्हणे काचेपलीकडे बसवतात. कुणी चकार शब्द बोलत नाही.”

“माझी अक्कल संपली, बाई.” मिस्त्री म्हणाले. नाक कापलं जाणार याचं दुःख होतंच. पण पुढच्या महिन्यात खुर्ची पुसायची कुणासाठी, हे दुःख त्याहून मोठं होतं. विषय बदलायला त्यांनी विचारलं, “अंगठ्याला काय झालं? फोड आलाय.”

“इस्त्रीचा चटका. धांदरटपणा, दुसरं काय!”

मिस्त्रींनी शटर अर्धं ओढलं, पिवळा चष्मा चढवला आणि निळा दिवा लावला. नळ्यांवरून, जाळीवरून, कॉम्प्रेसरच्या खालून वरून दिवा फिरला. सगळं कोरडं ठणठणीत. काळ्या टोपणाच्या कडेला तेवढा हिरवा डाग होता. तो त्यांनी सोडून दिला. गॅस भरताना तिथे थेंबभर सांडतंच, आपलाच हात लागला असणार.

“सापडला?” अंधारातून बाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

“नाही.” त्यांनी खिशातली चिठ्ठी चाचपली. “ही घेऊन जा. माणसं चांगली आहेत तिथली.”

बाईंनी अंधारातच कपात चहा ओतला. मग म्हणाल्या, “आधी चहा तर घ्या. निवतोय.”

मिस्त्री दिवा हातात धरूनच वळले. समोर कप आला. तो धरलेल्या अंगठ्याचं टोक, शेजारच्या बोटाचं टोक आणि नखांच्या कडा हिरव्यागार चमकत होत्या.

मिस्त्रींनी दिवा विझवला. चिठ्ठी काढून तिला तेलकट हात पुसले आणि कप घेतला.

“गळती फार बारीक आहे, बाई. पुढच्या महिन्यात पुन्हा बघावं लागेल,” ते म्हणाले. “फक्त इस्त्री करताना हातमोजा घालत जा.”