ऐंशीच्या पुढची थरथर

तलमोडचा टोलनाका दिसायला लागला आणि स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं.

गुरुसिद्धप्पांनी काटा बघितला. ऐंशी. पाय उचलला, गाडी सत्तरवर आली, थरथर थांबली. पुन्हा ऐंशी केले, तर हात कोपरापर्यंत हलायला लागले.

"फिरवतो," ते म्हणाले.

"काही फिरवू नका," शेजारून इरम्मा कडाडल्या. "साठनं चालवा. आमची अव्वा बैलगाडीतून नांदायला गेली. तिचं स्टिअरिंग कुणी बघितलं होतं?"

मागच्या सीटवर आरोही खिडकीबाहेर बघत होती. मांडीवर ओटीचा नारळ. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, तेवढीच कातडी फिकी दिसत होती. न्हाणीघरात पाय घसरून पडली, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं होतं. तिला विचारायचं राहून गेलं होतं.

गुरुसिद्धप्पा उमरग्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. गाडी उतारवयात शिकले, म्हणून नियमानं चालवायचे. शंका असलेली गाडी ते गल्लीबाहेर काढत नसत, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यांनी गाडी वळवली.

आरोहीच्या सासरी, हुमनाबादला जायची ही दुसरी खेप वाया गेली.

घरी पोचल्या पोचल्या इरम्मांनी भावाला फोन लावला. महालिंगप्पा त्यांचे थोरले भाऊ आणि आरोहीचे सासरे. आरोही पाळण्यात असतानाच मामाच्या मुलाला द्यायची, असा शब्द इरम्मांनी दिला होता आणि पाळला होता.

"अण्णा, गाडीचं परत तेच. मी काय करू, ह्यांनाच धीर न्हाय. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले का? रविवारी आणतेच."

एसटीनं पाठवायची सोय नव्हती. पोरगी पिशवी घेऊन एकटी हुमनाबादच्या स्टँडवर उभी राहिलेली गावानं बघितली होती. म्हणून चार जाणत्यांनी बसून ठरवलं, की बापानं स्वतःच्या गाडीतून, दिवसाउजेडी, दारापर्यंत आणून सोडायची. बसनं गेली तर भांडण दिसतं. गाडीनं गेली की माहेरपण दिसतं.

शनिवारी सकाळी गुरुसिद्धप्पा हायवेवरच्या बंडप्पाच्या टायरच्या दुकानात गेले. बंडप्पानं पुढची दोन्ही चाकं काढून मशीनवर चढवली, फिरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गुरुजी, मागल्या खेपेला लावलेली वजनं कुठं गेली?"

"कसली वजनं?"

"रिमच्या कडंला शिशाचे तुकडे ठोकले नव्हते का? त्यानंच चाक समतोल फिरतंय. तुमची गाडी हलकी. ट्रकचं थोडं इकडंतिकडं झालं, तर डायवर तंबाखू मळत जातोय. हिला चिमूटभर चुकलेलं खपत न्हाय."

"पडली असतील."

"दोन्ही चाकांची? अन् ही कड बघा, खरवडल्यागत दिसायलीय. घरात लहान पोरं हायत का?"

"न्हाईत."

"मग कुणी दुश्मन?"

"पेन्शनवाल्याला कुठला दुश्मन, बंडप्पा."

बंडप्पा हसला. त्यानं नवे तुकडे लावले, जरा जास्तच जोर लावून ठोकले. दोघं तुरोरीपर्यंत जाऊन आले. नव्वदला स्टिअरिंग देवघरातल्या समईसारखं स्थिर.

परत येताना गुरुसिद्धप्पांनी हिशेब केला. घरात माणसं तीन. त्यातून स्वतःला वजा केलं. इरम्मांना वजा करायला तर क्षणही लागला नाही. उरली एक.

राग यायला हवा होता. आला नाही. वाईट वाटायला हवं होतं, त्याचीही ते थोडा वेळ वाट बघत राहिले. मग सिग्नल देऊन गल्लीत वळले.

"अप्पा, गाडी झाली?" जेवताना आरोहीनं विचारलं.

"झाली."

"बरं." तिनं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"सकाळी सातला निघायचं," इरम्मा म्हणाल्या. "अन् रडायचं न्हाय. अण्णाच्या दारात सुजलेले डोळे घेऊन उतरलीस तर माझी अब्रू जाईल."

"तुझी कशी जाईल अव्वा? डोळे तर माझे हायत."

"लई बोलायला शिकलीस."

गुरुसिद्धप्पांनी ताक मागितलं.

पहाटे त्यांना जाग आली ती आवाजानं. अंगणातून पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी करकर येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. ते पडून राहिले. पोरीला रंगेहाथ धरलं, तर काहीतरी बोलावं लागणार होतं. बापानं अशा वेळी काय बोलायचं असतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ऐकू आलं नाही असं धरून चालणं सोपं होतं. आजवर तेच केलं होतं.

करकर पुन्हा थांबली. नुकतं जुळलेलं मनगट आहे, त्यांच्या मनात आलं. त्यात जोर कुठून येणार?

ते उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी पक्कड काढली, लाइट न लावता बैठकीच्या खोलीत आले आणि जागीच थांबले. आरोही भिंतीकडं तोंड करून गाढ झोपली होती.

त्यांनी हळूच पुढचं दार उघडलं.

सडा अर्धाच टाकलेला होता. बादली तशीच. पुढच्या चाकापाशी पदर खोचून इरम्मा बसल्या होत्या, हातात भाकरी उलटायचं उलथनं. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग हाताकडं.

"आणा ती पक्कड इकडं," त्या म्हणाल्या. "मेल्या बंडप्पानं ह्या खेपेला लईच घट्ट ठोकलीत."