सुईणीचा आदर्श

माइक विमलबाईच्या हातात गेला आणि हैबतरावांनी समोर बसलेल्या गावाकडे डोळे वटारून पाहिलं.

हैबतराव गावकीचे मुख्य पंच. पेणच्या खारेपाटातल्या त्या खाडीकाठच्या गावात त्यांच्या तोंडून निघेल तो निकाल. विमलबाई गावची सुईण, आणि तिचं घर वाळीत. येत्या शिमग्याला दोन वर्षं होतील. उधाणाच्या पाण्याने बांध फुटला त्या दिवशी घरटी एक माणूस बांधावर हजर होता. विमलबाईचा नवरा सखा तेवढा रोह्याला कंपनीत शिफ्टवर होता. पुढे गावकीसमोर त्याला नाक घासायला सांगितलं, तर "मी काय चोरी केलीय काय?" असं त्यानेच उलट विचारलं. झालं! हैबतरावांनी देवळात नारळावर हात ठेवून नियम घातला, "जो त्यांच्याशी बोलंल, त्यांच्या घरचं पानी पिईल, तो त्यांच्यातला."

नियम कसा, तर कडक. गेल्या वर्षी पुंडलिकाने वाटेत सखाकडे बिडी पेटवायला काडी मागितली. एका काडीपायी त्याचंही घर सहा महिने वाळीत गेलं आणि पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुंडलिक हा दुसरे पंच बाबाजी यांचा सख्खा भाऊ. बाबाजींनी हातापाया पडून पाहिलं. हैबतराव म्हणाले, "भाव घरात. हितं गावकी हाय."

आणि आज त्याच विमलबाईचा सत्कार. आजूबाजूच्या सात गावांत तिने शंभरावर बाळंतपणं सुखरूप केली होती. पेणहून सरकारी डॉक्टरीणबाई जीप घेऊन, शाल-श्रीफळ घेऊन आल्या. त्या नव्या, त्यांना गावातलं काही ठाऊक नाही. त्यांना अडवणार कोण? त्यांनी हैबतरावांनाच अध्यक्ष केलं. हैबतरावांनी आदल्या दिवशी घरोघर निरोप धाडला होता, "जाऊन बसा. पन टाळी वाजवू नका." गाव शाळेच्या पटांगणात तसाच बसला होता, मुका.

विमलबाई एकटीच आली. हातात पितळेचा तांब्या. गावात कुणी पाणी देत नाही म्हणून ती कुठेही जाताना घरचा तांब्या घेऊन जायची. तो तिने टेबलाखाली ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि विचारलं, "विमलबाई, या कामात तुमचा आदर्श कोण? कुणाकडे बघून तुम्हाला बळ येतं?"

हैबतराव सावरून बसले. आता ही सरकारपुढे रडगाणं गाणार, त्यांनी ताडलं. त्याचीही तजवीज त्यांनी करून ठेवली होती. ती बोलली की गावाने एका सुरात ओरडायचं, "खोटं हाय!" दोन-चारशे तोंडांपुढे एक सुईण कुठवर टिकणार?

"माजा आदर्श हितंच बसलाय, बाई," विमलबाई म्हणाली. "आमचे हैबतदादा."

हैबतरावांना आधी खरंच वाटेना. मग त्यांची छाती फुगली. आली शेवटी वठणीवर! पाणी तोडलं की भले भले वाकतात. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बाबाजींकडे बघून हळूच हसले.

"का बरं?" डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने विचारलं.

"दोन वर्सं होत आली, गाव आमच्याशी बोलत नाय. मला वाटायचं, कशाला करायची कुनाची बालंतपनं? मरूं देत मेले. पन गेल्या लावनीला, भर दुपारी, सगला गाव शेतावर असताना हैबतदादा माज्या मागल्या दारी आले. सून अडली होती. हात जोडून म्हनाले, 'बाय, चल गो. माजं घर वाचव.' घामाने भिजलेले. मी तांब्या दिला, तर घटाघटा प्याले. माज्या घरचं पानी! मी म्हनलं, येवडा मोटा मानूस आपलाच नियम बाजूला ठेवून येतो, मंग आपन कोन? तवापास्नं मी कुनालाच नाय म्हनत नाय."

डॉक्टरीणबाईंनी एकटीनेच जोरात टाळ्या वाजवल्या. जन्मनोंदीची वही चाळत त्या म्हणाल्या, "आहे ना नोंद! सून शांती, मुलगा, बाळ आडवं होतं. दाई विमलबाई. शाब्बास! हैबतराव, तुम्ही तर फारच मोठ्या मनाचे."

बारशाच्या घुगऱ्या वाटताना हैबतरावांनी गावाला सांगितलं होतं की पेणहून नर्स आणली. गावाने त्या घुगऱ्या खाल्ल्या होत्या. आता गाव त्यांच्याकडे बघत होता.

"खोटं हाय," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण समोर नोंदीची वही उघडी होती. ते बाबाजींकडे वळले. "बाबाजी, बोल की काय तरी."

बाबाजी उठले, आपली खुर्ची उचलली आणि पार भिंतीशी नेऊन ठेवली. पहिल्या रांगेत पुंडलिक होता. तोही उठून मागे गेला. मग ती रांग उठली, मग दुसरी. हैबतरावांच्या भोवती पटांगण मोकळं झालं. हे काय चाललंय ते डॉक्टरीणबाईंना कळेना.

हैबतरावांनी मिशीवरचा घाम पुसला. "अरं, पानी तरी द्या कुनी," ते म्हणाले. त्यांच्या सख्ख्या पुतण्यानेही मान फिरवली.

विमलबाईने टेबलाखालचा तांब्या उचलला, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तो पुढे केला.

"घ्या, दादा. आता गावात तुमच्याशी बोलनारं आमचंच येक घर हाय."