झालं की केलं?

"यंत्र बंद कसं पडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

आई पलंगावर निष्प्राण पडली होती. मास्कचे वळ नाकावर अजून लाल होते. बाबा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. मुलगी दारातच थांबली होती, चौकटीला खांदा टेकून.

बाबांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. हे डॉक्टरही त्यांचेच विद्यार्थी. बाबांचं म्हणणं एकच: कुणी काही करत नाही, सगळं होतं. दगड उतारावरून घरंगळतो, तसाच माणूस. कण कणाला ढकलतो आणि आपण म्हणतो, मी ठरवलं. त्यामुळे या घरात कप कधी कुणी फोडला नाही, तो फुटायचा. लहानपणी मुलीला हे फार सोयीचं वाटे.

आई मात्र सोडायची नाही. "लग्न तुम्ही केलंत, की झालं?"

"झालं."

"मग स्वयंपाकही होईल. बसा वाट बघत."

मग तिची फुप्फुसं गेली. श्वास यंत्राचा झाला, थट्टाही आटली. काल संध्याकाळी मास्क बाजूला सारून ती दोघांना म्हणाली, "पुरे आता. बंद करा रे कुणीतरी."

"व्हायचं तेव्हा होईल," बाबा म्हणाले. मुलगी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली.

"वीज तर गेली नव्हती," डॉक्टर यंत्रावर वाकून म्हणाले. "बटण बंद आहे. हे आपोआप होत नाही, सर. मला पोलिसांना कळवावं लागेल."

"डॉक्टर, ते—" मुलीने तोंड उघडलं.

"तू गप्प बस." बाबा उठले. वर्गात शिरताना करत तसा त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला. "बंद पडलं नाही. मी बंद केलं."

डॉक्टर बघतच राहिले. "केलं? सर, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतोय."

"नीट विचार करून बोला. गुन्हा आहे हा."

"विचार केला. मी ठरवलं, मी उठलो, मी बटण दाबलं. लिहून घे."

इतके 'मी' मुलीने त्यांच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. पहाटे तिने बटण दाबलं, तेव्हा बाबा शेजारच्या खोलीत घोरत होते.